एका नुक्त्याचा हिशेब

लवाद हा शब्द आमच्या मोहल्ल्यात कोणी वापरत नाही. 'पंच बसले', 'जमातीत बोलावलं', फार तर 'सालिसी केली' असे म्हणतात. सालिस म्हणजे तिसरा. दोघांच्या भांडणात जो तिसरा बसतो तो सालिस. अरबीतला हा साधा क्रमांक उर्दूत येऊन न्याय करायला बसला. सूरह निसामध्ये नवरा-बायकोच्या बेबनावात दोन्ही घरांतून एकेक हकम नेमायला सांगितले आहे, ते आपल्याकडच्या प्रत्येक पंचाला तोंडपाठ असते. पण सालिसीचाही एक सरकारी कायदा आहे, तो १९९६ सालचा आहे, त्यात कलमे आहेत, मुदती आहेत, फीचा तक्ता आहे, आणि त्या खोलीत वकील उभा न राहता बसून बोलतो, हे आम्हाला आमच्या एका विद्यार्थिनीमुळे पाहायला मिळाले.

इथे एक खुलासा करतो. 'आम्ही' म्हणजे आम्ही एकट्याच. घरात 'हम' म्हणायची सवय, ती मराठी लिहिताना 'आम्ही' होऊन उतरते. शाळेतले मराठीचे सर त्यावरून चेष्टा करतात की, आपा, तुमच्यामागे फौज आहे का? फौज नाही, पस्तीस-चाळीस मुलांचा वर्ग आहे.

दुसरा खुलासा कायद्याचा. २०१९ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात ४२-क हे कलम आले आणि लवादापुढे चाललेल्या कामाची गोपनीयता पाळणे बंधनकारक झाले. म्हणून इथे कोणाचे नाव नाही, गाव नाही. सगळे मिटल्यावर दोन्ही बाजूंना विचारून, ओळख पटेल अशा खुणा बदलून लिहितो आहोत. लूमचा खडखडाट ऐकत ज्यांची लहानपणे गेली ते गाव आपले धरून वाचतील. इतरांनी मालेगाव किंवा भिवंडी समजले तरी बिघडत नाही.

२०१० साली आम्ही बी.एड. करून नुकतेच शाळेत लागलो होतो. ही मुलगी तेव्हा आठवीत. वडील सायझिंगमध्ये कामाला. उर्दू माध्यमाच्या पोरांची मराठीशी जी झटापट असते ती हिचीही होती. 'शाळा'ची 'शाला' आणि 'पाणी'चे 'पानी' व्हायचे. पण उर्दू तकरीरीत तिला तोड नव्हती. तालुक्याच्या तकरीरी मुकाबल्यात ती मुठी आवळून अशी बोलायची की मागच्या रांगेतले परीक्षकही सरसावून बसायचे. तिला तकरीर आम्हीच शिकवली. हात कधी वर न्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा, शेवटी शेर कसा टाकायचा, सगळे. ती वकील झाली तेव्हा शाळेत सगळ्यांना वाटले, ही कोर्ट गाजवणार.

सनद मिळून तिला तीनच वर्षे झाली होती तेव्हाचे हे प्रकरण. एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ती तारखा मागायची, वकालतनामे भरायची. स्वतंत्रपणे अंगावर घेतलेले हे तिचे पहिले मोठे काम, आणि ते कोर्टात नव्हतेच, लवादापुढे होते.

प्रकरण असे. मेव्हणे-मेव्हणे दोघे भागीदार. २००६ साली त्यांनी २४ लूमचा कारखाना टाकला. थोरल्यांना कारखान्यात सगळे बड़े सेठ म्हणत, धाकट्यांना छोटे सेठ. बड़े सेठ हे छोट्यांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, म्हणजे घरात दूल्हाभाई. भागीदारीपत्र स्टॅम्पपेपरवर रीतसर झाले होते. त्याच्या चौदाव्या कलमात एक ओळ होती की भागीदारांत वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवावा. कोणत्यातरी टायपिस्टने जुन्या मसुद्यावरून उतरवलेली ती ओळ सह्या करताना दोघांपैकी कोणी वाचली असेल असे आम्हाला वाटत नाही.

छोटे सेठ २०२० च्या जूनमध्ये गेले. ते दिवस कसे होते हे सांगायला नको. मागे बायको आणि दोन मुली. कारखाना बड़े सेठ चालवत राहिले. वर्ष-सव्वा वर्ष घरखर्चाला काही देत होते, मग तेही आटले. बाई हिश्श्याचे विचारू लागल्या तेव्हा जमातीचे पंच दोनदा बसले. दोन्ही वेळा बाई दाराआड बसल्या आणि त्यांचे म्हणणे एक पोरगा आत जाऊन सांगत होता. पोरगा अकरा वर्षांचा. भांडवल, घसारा, उधारी हे शब्द त्याच्या तोंडून आत पोचेपर्यंत त्यांचे काय होत असेल! पंचांनी सबर करा म्हटले. पंच वाईट नव्हते. पण त्यांच्यापैकी दोघांचे सूत बड़े सेठांकडे जायचे.

मग बाई आमच्या विद्यार्थिनीकडे आल्या. तिने २०२२ साली नोटीस दिली. बड़े सेठांचे पहिले उत्तर होते, माणूस गेला, करार गेला. तसे नसते. लवादाचा करार पक्षकाराच्या मृत्यूने संपत नाही, तो वारसांच्या बाजूने आणि वारसांविरुद्धही चालतो, असे त्या कायद्याचे चाळिसावे कलम सांगते. भागीदारीचे मात्र उलटे. एरवी करारात वेगळे नसेल तर भागीदार गेला की भागीदारी संपते, आणि दोघांपैकी एक गेल्यावर तर उरलेला एकटा कोणाचा भागीदार राहणार? मग हिशेब करावाच लागतो. हिशेब न करता उरलेल्याने धंदा चालवला, तर गेलेल्याच्या वारसांना त्या काळातल्या नफ्याचा वाटा किंवा हिश्श्यावर दरसाल ६ टक्के व्याज, यातले काय हवे ते निवडता येते. हे १९३२ च्या भागीदारी कायद्याचे ३७ वे कलम. इतकी वर्षे आमच्या गावात कारखाने फुटताहेत, बायका दाराआड बसताहेत, आणि हे कलम त्या सगळ्या काळात पुस्तकात होते.

दोन्ही बाजूंनी मिळून एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश लवाद म्हणून मान्य केले. आता फीचे ऐका, कारण ही गोष्ट कोणी सांगत नाही. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तक्ता आहे. मागणी १८ लाखांची. पहिल्या ५ लाखांना ४५,००० रुपये, वरच्या १३ लाखांवर साडेतीन टक्क्यांनी ४५,५००, आणि लवाद एकच असेल तर त्यावर आणखी पंचवीस टक्के, २२,६२५. एकूण १,१३,१२५. निम्मे एकेका बाजूचे. शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या बाईला ५६,५६२ रुपये ५० पैसे आधी उभे करायचे होते. जमातीचे पंच फुकट बसतात, हा त्यांचा मोठा गुण आहे हे आम्हाला त्या दिवशी पटले. बाईंनी कानातले विकले. वकीलमुलीने आपल्या फीचे 'निकालानंतर पाहू' म्हटले.

आमचा यात संबंध आला तो वहीमुळे. कारखान्याची रोजकीर्द उर्दूत होती. लाल कापडी पुठ्ठ्याच्या अकरा वह्या, सगळ्या एका मुनशीच्या हातच्या. मुनशीजी २०२१ च्या दुसऱ्या लाटेत वारले, म्हणजे लिहिणारा विचारायला नव्हता. लवाद साहेबांना उर्दू येत नव्हती, समोरच्या वकिलांनाही नाही. लवाद कायद्याचे २२ वे कलम भाषेचे आहे. कामकाज कोणत्या भाषेत चालवायचे हे पक्ष ठरवू शकतात आणि कागदपत्रांचे त्या भाषेत भाषांतर मागता येते. पहिल्याच बैठकीत समोरच्या वकिलांनी इंग्रजी सुचवली. त्यांची पंचवीस वर्षांची वकिली. आमच्या मुलीने सांगितले की, माझ्या अशिलाला इंग्रजी येत नाही, सेठसाहेबांनाही येत नाही, भांडण या दोघांचे आहे. मराठी ठेवा आणि साक्षी ज्याच्या त्याच्या बोलीत होऊ द्या. बड़े सेठांनी मान हलवली, आणि ती त्यांच्या वकिलांच्याही लक्षात आली. मराठी ठरली. 'शाला' म्हणणारी मुलगी मराठीचा हट्ट धरत होती, हे आम्ही मराठीच्या सरांना मुद्दाम सांगितले.

भाषांतर करायला तिने आम्हाला बोलावले तेव्हा एकच सूचना दिली. ''आपा, जे लिहिलंय तेच. आपल्याला काय हवंय ते नाही.''

अकरा वह्यांतल्या हजारो नोंदींत वाद फक्त एकीचा होता. मार्च २०१४. 'छोटे सेठ' आणि '३,२०,००० लिए' यांच्यामध्ये एक इवलासा शब्द. तो 'ने' वाचला तर छोटे सेठांनी कारखान्यातून ३,२०,००० घेतले, म्हणजे उचल. 'से' वाचला तर कारखान्याने छोटे सेठांकडून घेतले, म्हणजे भांडवल. उर्दूत 'ने' म्हणजे एक दात, वर एक नुक्ता, आणि मोठी ये. 'से' म्हणजे सीनचे तीन दात आणि मोठी ये, नुक्ता नाही. पण भरभर लिहिणारा माणूस सीनचे दात काढत बसत नाही, एक आडवी रेघ ओढतो. आणि नुक्ते तर मुनशी लोक जवळजवळ विसरूनच जातात, वाचणारा समजून घेईल म्हणून. 'दुआ' आणि 'दगा' यांत एका नुक्त्याचे अंतर आहे हे आम्ही दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. मुले हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नुक्ते गाळतात.

त्या शब्दावर एक काळा ठिपका होता. नुक्ता म्हणावा तर जरा बाजूला सरकलेला, आणि शाईचा शिंतोडा म्हणावा तर जागेच्या फार जवळ. समोरच्यांच्या भाषांतरकाराने 'ने' वाचले होते. त्यात त्याची बेइमानी होती असे आम्हाला वाटत नाही. झेरॉक्सवर पाहिले असते तर कोणीही तेच वाचले असते.

बाईंचे म्हणणे वेगळे होते. त्या वर्षी सूतवाल्याचे देणे थकले, लूम बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या बांगड्या आणि गळ्यातला हार मोडून नवऱ्याच्या हातात पैसे दिले होते. सराफाची चिठ्ठी नव्हती. दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी कोण ठेवते? त्यांचे दागिने त्या एका शब्दात होते. पहिल्या नजरेत उचल की भांडवल यात ६,४०,००० चा फरक वाटतो, कारण वजा होते ते जमा होणार. पण उरलेला नफा दोघांत निम्मा-निम्मा वाटला जात असल्याने बाईंच्या हिश्श्यात प्रत्यक्ष फरक ३,२०,००० चाच पडत होता. हे गणित वकीलमुलीने आम्हाला दोनदा समजावले आणि आम्ही तरीही घरी जाऊन कागदावर करून पाहिले.

वकील काय तयारी करतो हे आम्ही तेव्हा जवळून पाहिले. तिने एक फाइल केली, पानांना नंबर, सुरुवातीला तारखांची यादी. मग आम्हाला मूळ वह्यांसमोर बसवले आणि ज्यांवर कोणाचा वाद नाही अशा नोंदींतले 'ने' आणि 'से' शोधायला लावले. व्यापाऱ्याकडून सूत घेतले तिथे 'से'. कारीगराने पेशगी घेतली तिथे 'ने'. शनिवार-रविवार मिळून आम्ही साठ जागा काढल्या. मुनशीजींचा हात ओळखीचा होऊ लागला. त्यांचे 'से' लांब, जणू माणूस पाय पसरून बसला आहे. 'ने' मात्र आखूड, नुक्ता असो वा नसो.

या शोधात छोटे सेठांच्या नावाची एक स्पष्ट उचल सापडली. २०१७ साल, मुलीच्या दाखल्यासाठी ६०,०००. समोरच्यांच्या हिशेबात ती आलीच नव्हती, त्यांच्या नजरेतून निसटली होती. वकीलमुलीने ती फाइलमध्ये घातली. बाई नाराज झाल्या. ''ये क्यों डाला बेटी? उन्होंने तो माँगा भी नहीं।'' मुलगी म्हणाली, ''खाला, वही आपण अर्धी दाखवली तर ते अर्धीच खरी मानतील.'' बाई गप्प बसल्या, पण त्यांना पटले असे चेहऱ्यावरून वाटले नाही. साठ हजार त्यांच्यासाठी थोडे नव्हते.

सुनावणीची खोली म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचे कार्यालय. लांब टेबल, एका टोकाला लवाद साहेब, दोन बाजूंना दोन पक्ष, कोपऱ्यात लॅपटॉपवर टाइप करणारा मुलगा. आरोपीचा पिंजरा नाही, साक्षीदाराचा कठडा नाही, पट्टेवाल्याची आरोळी नाही. बाई आणि बड़े सेठ यांच्यात चार फुटांचे टेबल होते. इतक्या जवळ ते दोघे छोटे सेठांच्या चाळिसाव्यानंतर पहिल्यांदाच बसले असतील. बाईंनी आदल्या दिवशी वकीलमुलीला बजावले होते, ''दूल्हाभाई के सामने आवाज़ मत चढ़ाना।''

मुलगी बोलायला उठली. साहेब म्हणाले, ''बसून बोला, इथे उभं राहायची गरज नाही.'' ती बसली, आणि आम्ही पाहिले की तिचे हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना. मग तिने ते फाइलवर ठेवले. नंतर गाडीत ती म्हणाली की, आपा, उभी असते तर मी तकरीर केली असती. बसल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं लागतं, तिथे तकरीर होत नाही.

समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की, अक्षराचा प्रश्न आहे तर हस्ताक्षरतज्ज्ञ आणा. ती म्हणाली, हस्ताक्षर मुनशीजींचे आहे हे दोन्ही बाजूंना मान्य आहे; प्रश्न कोणी लिहिले हा नाही, काय लिहिले हा आहे. साहेबांनी हरकत बाजूला ठेवली. लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा बांधत नाही, काम कसे चालवायचे हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात असते. ही मोकळीक चांगली की वाईट, हे त्या खुर्चीत कोण बसले आहे त्यावर ठरत असावे. आमचे साहेब सबुरीचे होते.

मग आमची पाळी. समोरचे वकील गोड आवाजात म्हणाले, ''मॅडम, या वकीलबाई तुमच्या विद्यार्थिनी ना?'' आम्ही हो म्हटले. ''म्हणजे त्यांच्यासाठी तुम्ही शिकवाल तसं वाचाल.'' आम्ही म्हटले, ''सेठसाहेबांचा धाकटा मुलगाही आमच्याच वर्गात होता.'' बड़े सेठ खाली पाहत किंचित हसले. साहेबांनी वही समोरच्या वकिलांकडे सरकवली आणि सांगितले, कोणतेही पान काढा, मॅडम वाचतील. त्यांनी अंगठ्याने मधूनच एक पान उघडले. आम्ही वाचत गेलो: इतके बीम आले, इतकी मजुरी दिली, अमक्याने पेशगी घेतली, तमक्याकडून उधारी आली. बड़े सेठ प्रत्येक ओळीला नकळत मान डोलावत होते. तो त्यांचाच कारखाना होता, त्यांचेच दिवस होते. पान संपल्यावर त्या वकिलांनी आम्हाला पुढे काही विचारले नाही.

त्यानंतर मुलीने साठ नोंदींचा तक्ता साहेबांसमोर ठेवला. डावीकडे 'ने', उजवीकडे 'से', मध्ये वादातला शब्द मोठा करून. ६०,००० ची उचल तिने स्वतःहून दाखवली, कारण तिथला 'ने' सगळ्यांत स्वच्छ होता, नुक्त्यासकट. साहेबांनी भिंग मागवले. उर्दू न येणारा माणूस उर्दूचा एक शब्द पंधरा मिनिटे पाहत बसला, हे दृश्य आम्हाला फार दिवस पुरेल.

उलटतपासात तिने बड़े सेठांना मोजून पाच-सहा प्रश्न विचारले, सगळे 'सेठसाहब' आणि 'आप' लावून. उस दिन गल्ले में क्या था? याद नहीं, ते म्हणाले. तिने वही पुढे केली. आकडे त्यांनी स्वतः वाचले. आदल्या दिवशीची शिल्लक ४१,३००. नंतर ती नोंद. तिच्याखाली सूतवाल्याला ३,५०,००० दिले. दिवसअखेर शिल्लक ११,३००. ये मुनशीजी ने ही लिखा है? हाँ. मुनशीजी का हिसाब कभी ग़लत निकला? बड़े सेठ म्हणाले, ''कभी नहीं। चालीस साल में एक पैसा नहीं।''

ती थांबली. 'बस, इतकंच' म्हणाली आणि फाइल मिटली.

आम्ही खुर्चीच्या टोकावर. आता विचार ना, असे मनात चालले होते, की ज्या गल्ल्यात ४१,३०० होते त्यातून ३,२०,००० कोणी कसे घेतले! आणि घेतले तर मग साडेतीन लाख सूतवाल्याला कुठून दिले! पण तिने विचारले नाही. गाडीत कारण सांगितले. ''शेवटचा प्रश्न विचारला की माणूस उत्तर शोधायला लागतो. आणि आपा, ते बिचारे दूल्हाभाईच आहेत. त्यांना बाईंसमोर का उघडं पाडायचं? साहेबांना बेरीज येते.'' अंतिम युक्तिवादात तिने ती बेरीज दोन वाक्यांत मांडली. शेर टाकला नाही. तिने एक शेर तयार ठेवला होता हे आम्हाला माहीत होते, कारण तो तिने आम्हालाच फोनवर ऐकवला होता.

निवाडा २०२४ च्या मे महिन्यात आला. मार्च २०१४ ची रक्कम भांडवल धरली गेली. २०१७ ची ६०,००० ची उचल वजा झाली. शेडच्या भाड्यातला वाटा नाकारला गेला, कारण शेड बड़े सेठांच्या एकट्याच्या नावावर होती. १८ लाखांच्या मागणीतले व्याजासकट ११,७०,००० मान्य. गावात काहींनी याला हार म्हटले, काहींनी जीत. बाईंनी फक्त विचारले, त्या कागदात माझ्या दागिन्यांचे लिहिले आहे का? दागिने हा शब्द नव्हता, 'भांडवल' होता. आम्ही ते वाक्य त्यांना उर्दूत वाचून दाखवले, दोनदा.

पुढचा पेच वसुलीचा. निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने असतात, सबळ कारण दिले तर वर तीस दिवस. ती मुदत गेली की निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. म्हणजे जप्ती. जप्ती कशाची? लूमची. आणि आजकाल साध्या लूमला गिऱ्हाईक कोण? भंगारवाला, किलोच्या भावाने. कारखाना बसला असता, त्यावरचे कारीगर बसले असते आणि बाईंच्या हाती निम्मेही आले नसते. वकीलमुलीच्या मनात हप्ते होते. बाई मात्र ऐकायला तयार नव्हत्या. ''चार साल से सबर ही कर रही हूँ।''

इथे आम्ही एका पुस्तकाची मदत केली. गांधीजींची आत्मकथा सय्यद आबिद हुसैन यांनी 'तलाशे हक' या नावाने उर्दूत आणली, ती आमच्याकडे आहे. १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला शेठांच्या एका दाव्याच्या कामासाठी, हे सगळे जाणतात. तो दावा काय होता हे कमी जणांच्या लक्षात असते. ४०,००० पौंडांची मागणी, आणि समोर तय्यब शेठ, जे दादा अब्दुल्लांचे नातलग आणि त्यांच्याच गावचे. दोघेही पोरबंदरचे मेमन. कागद गुजरातीत, वकील इंग्रज. तरुण गांधींचे काम जमाखर्च समजून घेणे आणि गुजराती पत्रव्यवहाराचे इंग्रजी करणे. 'पी नोट' म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हते, शब्दकोशात सापडेना, शेवटी कारकुनाने सांगितले की प्रॉमिसरी नोट. मग त्यांनी जमाखर्चाचे एक पुस्तक विकत घेऊन वाचले. वकिलांच्या खर्चात दोन्ही घरे बुडताहेत हे पाहून त्यांनी दोघांना लवादाला राजी केले. निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने गेला, ३७,००० पौंड आणि खर्च. पण तय्यब शेठ ही रक्कम एकदम देऊ शकत नव्हते, आणि दिवाळे काढण्यापेक्षा मरण बरे अशी त्या मेमन व्यापाऱ्यांची रीत. तेव्हा गांधीजींनी आपल्याच अशिलाला लांबच्या हप्त्यांसाठी मनवले. दोघांना लवादाकडे आणण्यापेक्षा हे काम अधिक अवघड गेले असे त्यांनी लिहिले आहे.

वकीलमुलीने ही गोष्ट बाईंना सांगितली, तेव्हा बाईंचा पहिला प्रश्न होता, ''दादा अब्दुल्ला के घर में चूल्हा तो जल रहा था ना?'' यावर मुलीकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते. कोट्यधीशाची सबुरी आणि शिलाई करणाऱ्या बाईची सबुरी एका तराजूत कशी घालणार? तीन दिवस बाई बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः आकडा आणला. महिन्याला ३९,०००, तीस हप्ते, दर दहा तारखेला, बँकेत. एक हप्ता चुकला तर जप्ती. तीस गुणिले एकोणचाळीस हजार बरोबर ११,७०,००० होतात. हा हिशेब त्यांनी मोठ्या मुलीकडून करून घेतला होता, तिच्याच दाखल्याचे साठ हजार वजा झाले होते ती मुलगी.

बड़े सेठांनी कागदावर सही केली. त्यांच्या वकिलांनी आव्हान द्यायचा सल्ला दिला होता असे ऐकतो. ते गेले नाहीत. मुनशीजींच्या वह्या त्यांना परत मिळाल्या, त्या घ्यायला ते स्वतः आले होते. आमच्या मुलीने पावती घेतली. त्यांनी तिला विचारले, कोणाची मुलगी. तिने वडिलांचे नाव आणि सायझिंगचे नाव सांगितले. ''अच्छा,'' ते म्हणाले, ''उसके बीम में कभी गाँठ नहीं आती थी।''

पहिला हप्ता जुलै २०२४ मध्ये जमा झाला. आजवर एकही चुकलेला नाही. नणंद-भावजयीचे बोलणे मात्र अजून बंद आहे. लग्नकार्यात दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि मुली निरोप नेतात. २०२५ ची ईद ३१ मार्चला होती. दरवर्षी नणंदेकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, तो याही वर्षी आला नाही. दहा एप्रिलचा हप्ता मात्र २८ मार्चलाच, अलविदा जुम्म्याच्या दिवशी, बाईंच्या खात्यात जमा झाला होता.